लॉजिटेक एमके६५० आणि बोल्ट रिसीव्हर: पासवर्ड हवेतून जाताना

वाय-फायला सोळा अक्षरी पासवर्ड लावायचा, बँकेच्या साइटवर कुलपाचं चिन्ह तपासायचं, आणि टायपिंग करायचं ते खोक्यावर नुसतं ‘२.४ गिगाहर्ट्झ वायरलेस’ छापलेल्या कीबोर्डवरून. कितीतरी सीए ऑफिसं, पतसंस्था आणि सेतू केंद्रांत हेच चाललेलं असतं. ब्राउझरचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं मजकुराचं रूप करणं, सुरू होतं अक्षर कॉम्प्युटरमध्ये पोचल्यानंतर. कळेपासून यूएसबीत खोचलेल्या नखाएवढ्या रिसीव्हरपर्यंतचा मीटरभराचा टप्पा त्याच्या हिशेबातच नसतो. लॉजिटेकची सिग्नेचर एमके६५० ही कीबोर्ड-माउसची जोडी त्या टप्प्यासाठी घ्यावी का, हा इथला मुख्य प्रश्न.

आधी वस्तू काय आहे ते सांगून टाकू. पूर्ण आकाराचा के६५० कीबोर्ड, उजवीकडे आकड्यांचा पट्टा, पुढे मनगट टेकायला जोडूनच दिलेली गादी. सोबत एम६५० माउस, क्लिकचा आवाज जवळजवळ येत नाही असा. कीबोर्डला दोन पेन्सिल सेल, माउसला एक. कंपनीचा दावा कीबोर्डच्या सेलला ३६ महिने आणि माउसच्या सेलला २४ महिने. कळांखाली दिवे नाहीत. टॅक्सच्या मोसमात दिवसभर आकडे भरणाऱ्याला गादी आणि आकड्यांचा पट्टा आवडेल, मेकॅनिकल कीबोर्डची सवय असलेल्याला कळा ढिम्म वाटतील. यापेक्षा जास्त या अंगानं सांगण्यासारखं नाही. साध्या वायरलेस जोडीच्या काही पट पैसे मोजायचे ते खोक्यातल्या बोल्ट रिसीव्हरसाठी.

त्याची गरज का पडली हे कळायला दहाएक वर्षं मागं जावं लागतं. जानेवारी २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकानं मोबाइलच्या चार्जरसारखं दिसणारं एक यंत्र दाखवलं. भिंतीत खोचलेलं असताना ते आसपासच्या मायक्रोसॉफ्टच्या वायरलेस कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपत होतं. त्या कीबोर्डांत एन्क्रिप्शन होतं म्हणे, पण ते म्हणजे उपकरणाच्याच रेडिओ पत्त्यासोबत केलेलं एक्सऑर, म्हणजे पत्ता माहीत असला की सहज उलटवता येणारी बिटांची साधी क्रिया. आणि पत्ता तर प्रत्येक पॅकेटसोबत (हवेतून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यासोबत) उघडाच जातो, म्हणजे किल्ली कुलपालाच टांगलेली. एप्रिल २०१६ मध्ये एफबीआयनं अमेरिकेतल्या खासगी कंपन्यांना याबद्दल इशारा दिला. यंत्राचा जीव होता एनआरएफ२४ जातीची रेडिओ चिप. त्या चिपची तयार पट्टी आज लॅमिंग्टन रोडवर शे-दोनशे रुपयांत मिळते, इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी नेतात. थोडक्यात, ऐकणाऱ्याला महागडी सामग्री लागत नाही.

२०१६ च्या जुलैमध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी आणखी पुढचं दाखवलं. आठ कंपन्यांच्या स्वस्त कीबोर्डांत एन्क्रिप्शन नावालाही नव्हतं, अक्षरं सरळ उघडी जात होती. अडीचशे फुटांवरून ती वाचता येत होती. त्यातली एक गोष्ट सहसा सुटते: या कीबोर्डांचे रिसीव्हर कुणी टाइप करत असो वा नसो, ठरावीक अंतरानं रेडिओवर हाक देत राहायचे. म्हणजे ऐकणाऱ्यानं बिल्डिंगमध्ये एक चक्कर मारली की कुठल्या ऑफिसात असा कीबोर्ड आहे हे रिकाम्या खोलीतूनही कळायचं. शिवाय यांचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलता येत नव्हतं. उपाय एकच, फेकून द्या.

त्याच वर्षी फेब्रुवारीत याच गटानं ‘माउसजॅक’ जाहीर केलं होतं, आणि त्यात लॉजिटेकही सापडली. कीबोर्डचे सिग्नल एन्क्रिप्ट केले होते, पण माउसचे नाही. माउसच्या हालचाली ऐकून कुणाला काय मिळणार, असा विचार त्यामागे असावा. पण रिसीव्हर माउसच्या पत्त्यावरून आलेल्या उघड्या पॅकेटमध्ये कळा असल्या तरी त्या मुकाट्यानं स्वीकारत होता. शंभर मीटरवरून कुणीतरी माउस असल्याची बतावणी करून तुमच्या कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करू शकत होतं. इथून पुढे चोरून ऐकणं आणि चोरून बोलणं हे दोन्ही धोके एकत्रच मोजावे लागतात.

लॉजिटेकनं नवं फर्मवेअर देऊन ते भोक बुजवलं. मग २०१९ मध्ये मार्कुस मेंग्स या जर्मन संशोधकानं युनिफाइंग या लॉजिटेकच्या बोल्टआधीच्या रिसीव्हरमधल्या चार उणिवा मांडल्या. रिसीव्हर काही क्षण हातात मिळाला तर यूएसबीवरून किल्ल्या काढून घेता येत होत्या, त्याला कंपनीनं त्याच वर्षी फर्मवेअर दिलं. पण कीबोर्ड आणि रिसीव्हरची जोडणी चालू असताना कुणी ऐकत असेल तर त्याला एन्क्रिप्शनची किल्ली मिळते, ही उणीव तशीच ठेवली. ती बुजवली असती तर जुनी-नवी युनिफाइंग उपकरणं एकमेकांशी जुळली नसती. आजही कोट्यवधी टेबलांवर तोच रिसीव्हर आहे.

बोल्ट आला २०२१ मध्ये, याच सगळ्यावर उत्तर म्हणून. लॉजिटेकनं घरचा रेडिओ प्रोटोकॉल सोडला आणि ब्लूटूथ लो एनर्जी (ब्लूटूथचा कमी वीज खाणारा प्रकार) घेतलं, तेही त्यातल्या सर्वांत कडक पातळीवर, सिक्युरिटी मोड १ लेव्हल ४. नाव रुक्ष आहे, पण त्यानं नेमकं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे.

जोडणीच्या वेळी दोन्ही बाजू पी-२५६ या ठरलेल्या गणिती वक्रावरची, डिफी-हेलमन नावाची देवाणघेवाण करतात. हवेतून फक्त सार्वजनिक आकडे जातात आणि खरी किल्ली दोघं आपापल्या जागी काढतात. त्यामुळे पहिल्या पॅकेटपासून शेवटच्यापर्यंत सगळं रेकॉर्ड केलं तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. युनिफाइंगची न बुजवलेली उणीव इथे मुळातच उरत नाही. त्यानंतरचा प्रत्येक संदेश १२८-बिट एईएस-सीसीएम या एन्क्रिप्शनच्या पद्धतीनं बंद होतो. सीसीएममुळे मजकूर झाकला जातो आणि त्यात कुणी फेरफार केला तर तेही पकडलं जातं. माउसचे संदेशही याच पाइपातून जातात आणि रिसीव्हर उघडं पॅकेट घेतच नाही. माउसजॅकचा दरवाजा असा बंद झाला.

राहिला तो मध्येच घुसणारा, दोन्हीकडे ‘मीच तो दुसरा’ म्हणणारा. त्याच्यासाठी पासकी आहे. कीबोर्ड नव्यानं जोडताना स्क्रीनवर सहा आकडे दिसतात, ते त्याच कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं. अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता दहा लाखांत एक, आणि चुकला की नव्यानं सुरुवात. माउसला आकडे कुठून आणणार? तिथे लॉजिटेकनं केलेली सोय गमतीची आहे. स्क्रीनवर डावं-उजवं असा दहा क्लिकचा क्रम येतो, उदाहरणार्थ डावं, डावं, उजवं, डावं, उजवं... आणि तो तस्साच माउसवर वाजवायचा. दहा क्लिक म्हणजे १०२४ शक्यता. कीबोर्डच्या मानानं कमी, पण बाजारातले बाकीचे ब्लूटूथ माउस जोडताना काहीच विचारत नाहीत हे लक्षात घेतलं तर खूपच बरं.

खोक्यातली जोडी कारखान्यातच रिसीव्हरला बांधून येते. म्हणजे रिसीव्हर खोचला की चालू, वरचं काहीही करावं लागत नाही. हरवलेला रिसीव्हर बदलताना किंवा दुसरा कीबोर्ड जोडतानाच पासकीचा प्रसंग येतो.

आता एक गोष्ट, जिच्यावर या खरेदीचं सार्थक की नुकसान ते ठरतं. एमके६५० रिसीव्हरशिवाय थेट लॅपटॉपच्या ब्लूटूथलाही जोडता येते. यूएसबीची जागा वाचते म्हणून बरेच जण रिसीव्हर खोक्यातच ठेवतात आणि तेच करतात. तसं केलं की ज्यासाठी जादा पैसे मोजले ते खोक्यातच राहिलं. थेट ब्लूटूथमध्ये माउस ‘जस्ट वर्क्स’ पद्धतीनं, म्हणजे काहीही न विचारता जोडला जातो. कीबोर्डची सुरक्षितता समोरचं ब्लूटूथ कुठल्या काळातलं आहे यावर ठरते. सिक्युअर कनेक्शन्सची, म्हणजे वर सांगितलेल्या डिफी-हेलमन जोडणीची सोय ब्लूटूथ ४.२ पासून, म्हणजे २०१४ च्या शेवटापासून आली. त्याआधीच्या ब्लूटूथ ४.० च्या डोंगलवर जोडणी सहसा जुन्या पद्धतीनं होते आणि ती जोडणी ऐकणाऱ्याला किल्ली काढून देणारी फुकट साधनं २०१३ पासून उपलब्ध आहेत. बोल्ट रिसीव्हर मात्र खालच्या पातळीवर उतरायला तयारच होत नाही, जमलं तर लेव्हल ४, नाहीतर जोडणी नाही.

आणखी एक फायदा कमी बोलला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइड, लिनक्स, मॅक आणि आयओएसच्या ब्लूटूथमध्ये एक उणीव जाहीर झाली. मालकाला न विचारता खोटा कीबोर्ड जोडून घेता येत होता. शोधणारा तोच, माउसजॅकवाला मार्क न्यूलिन. दोष कीबोर्डात नव्हता, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होता. बोल्ट रिसीव्हर कॉम्प्युटरला साधा यूएसबी कीबोर्ड म्हणून दिसतो, रेडिओचं सगळं काम त्याच्या पोटातच होतं. त्यामुळे ऑफिसच्या डेस्कटॉपचं ब्लूटूथ चक्क बंद ठेवता येतं. ठेवाच.

दुकानात ‘हा चॅनेल बदलत राहतो, त्यामुळे कुणाला ऐकता येत नाही’ असं ऐकायला मिळेल. ब्लूटूथ लो एनर्जी ३७ चॅनेलांवर उड्या मारतं हे खरं. पण त्या उड्यांचा क्रम जोडणीच्या सुरुवातीच्या पॅकेटमध्येच असतो आणि तो पकडून मागोमाग जाणारे स्निफर, म्हणजे रेडिओ चोरून ऐकणारी यंत्रं, सर्रास मिळतात. उड्या आहेत त्या वाय-फायच्या गोंगाटातून वाट काढण्यासाठी. ‘रेंज दहाच मीटर’ हाही तसाच भाबडा दिलासा. दहा मीटर ही रिसीव्हरच्या नखाएवढ्या अँटेनाची मर्यादा, ऐकणारा मोठी अँटेना लावू शकतो. आणि सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागी उठलेल्या व्यापारी इमारतीत दहा मीटरमध्ये शेजारचे दोन गाळे आणि वरचा मजला येतो, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन.

टेबलावर आत्ता जो आहे तो कुठला, हे ओळखायचं कसं? युनिफाइंगवर केशरी रंगाचं चांदणीसारखं चिन्ह असतं, बोल्टवर विजेचं. चिन्ह झिजलं असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, कीबोर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ उघडा आणि ‘हार्डवेअर आयडीज’ बघा. लॉजिटेकचा कंपनी क्रमांक ०४६डी. त्यापुढे सी५४८ असेल तर बोल्ट, सी५२बी असेल तर युनिफाइंग. (स्क्रीनवर ही अक्षरं अर्थातच रोमनमध्ये दिसतील.) कीबोर्ड दुसऱ्या कंपनीचा असेल तर खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर ‘१२८-बिट एईएस’ हे शब्द शोधा. ते नसतील तर एन्क्रिप्शन नाही असंच धरून चाला. ज्यानं ते घातलंय तो छापल्याशिवाय राहत नाही.

नवीन रिसीव्हरला जोडायचं असेल तर लॉजिटेकची तीन सॉफ्टवेअरं आहेत: लॉगी ऑप्शन्स प्लस, छोटं लॉगी बोल्ट ॲप, आणि क्रोम किंवा एजमध्ये चालणारं लॉगी वेब कनेक्ट. सुरक्षिततेसाठी कीबोर्ड घेणाऱ्यानं पहिलं टाळावं. ऑप्शन्स प्लस भलतंच अंगावर येणारं सॉफ्टवेअर आहे, २०२४ पासून त्यात एआयला प्रश्न विचारायची सोयसुद्धा घुसली आहे. एन्क्रिप्शनशी त्याचा काही संबंध नाही, ते न टाकताही सगळं चालतं. छोट्या ॲपमधून जोडा आणि मग हवं तर काढून टाका, जोडणी रिसीव्हरमध्येच जतन होते. कृती सोपी आहे: रिसीव्हर खोचा, ॲपमध्ये उपकरण जोडायचा पर्याय निवडा, कीबोर्डवरचं जोडणीचं बटण तीनेक सेकंद दाबून ठेवा, दिवा झपाट्यानं लुकलुकू लागला की सोडा, स्क्रीनवरचे आकडे टाइप करून एंटर. लिनक्सवर हेच काम सोलार नावाचं मोफत साधन करतं. त्यात माउसचा क्रम वाजवून झाल्यावर दोन्ही बटणं एकत्र दाबायची असतात. हे न वाचल्यामुळे जोडणी ‘फेल’ दाखवते आणि लोक माउसला दोष देतात.

फर्मवेअर बघायला विसरू नका. लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर बदलणाऱ्या साधनातून, बाकीकडे लॉजिटेकच्या साधनांतून. बोल्टमध्ये जुन्या, सदोष फर्मवेअरकडे परत नेता येत नाही अशी सोय आहे. युनिफाइंगच्या काळात रिसीव्हर हाती आला की त्याला मागच्या आवृत्तीवर ढकलायची वाट उघडी होती.

तक्रारी. सगळ्यात जास्त ऐकू येणारी: कर्सर अडखळतो, अक्षरं गळतात किंवा दोनदा उमटतात. लोकांना वाटतं एन्क्रिप्शनमुळे कीबोर्ड मंद झाला. कारण बहुतेक वेळा यूएसबी ३.० असतं. त्या पोर्टमधून आणि त्याच्या केबलमधून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, इंटेलनं २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. शेजारच्या पोर्टला बाह्य हार्ड डिस्क लावली की त्रास वाढतो, कारण केबलही त्यात भर घालते. रिसीव्हर यूएसबी २.० च्या काळ्या पोर्टमध्ये लावा. निळ्यालाच लावायचा असेल तर हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल घेऊन तो टेबलावर आणा. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या डब्याआड रिसीव्हर खोचणं हे तर हटकून त्रासाला निमंत्रण.

दुसरी तक्रार जास्त रास्त आहे. बोल्ट आणि युनिफाइंग एकमेकांशी बोलत नाहीत. जुना युनिफाइंग माउस ठेवून फक्त कीबोर्ड बदलला तर दोन रिसीव्हर, दोन पोर्ट, आणि जुन्या रिसीव्हरच्या उणिवा तशाच. माउसजॅकची दुरुस्ती न झालेला एक रिसीव्हर त्याच कॉम्प्युटरला लागलेला असेल तर शेजारच्या बोल्टनं काही फरक पडत नाही, आज्ञा जुन्याकडून आत येतील. बदलायचं तर जोडीच बदला. एका बोल्ट रिसीव्हरला सहा उपकरणं बसतात, त्यामुळे पुढे भर घालायला अडचण नाही. रिसीव्हर यूएसबी-ए आहे, नव्या लॅपटॉपांना फक्त सी पोर्ट असतात. सी जातीचा बोल्ट रिसीव्हर आता वेगळा मिळतो, पण पुन्हा पैसे.

रिसीव्हर कशापासून वाचवत नाही, तेही बघा. रिसीव्हर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये कुणी यूएसबीचा कीलॉगर (दाबलेल्या कळा टिपून ठेवणारं यंत्र) खोचला तर त्याच्यापर्यंत अक्षरं उघडीच पोचतात, कारण एन्क्रिप्शन रिसीव्हरपाशी संपतं. साफसफाईच्या वेळी रोज कोण आत येतं याचा विचार पतसंस्थेनं आधी करावा. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी जवळ ठेवलेल्या फोनवर मॅकबुकच्या कळांचा नुसता आवाज टिपून ९५ टक्के अचूकतेनं कळा ओळखल्या होत्या. तिथे कुठलाच रेडिओ कामाला येत नाही. कॉम्प्युटरमध्ये शिरलेला व्हायरस हा तर सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि त्याला कीबोर्ड कुठला आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

मग वायरचा का नको? नको कशाला, जरूर घ्या. डेस्कटॉप हलत नसेल आणि पतसंस्थेच्या काउंटरसारखी ठरलेली जागा असेल, तर पाचशे-सातशे रुपयांचा वायरचा कीबोर्ड या जोडीपेक्षा शहाणपणाचा. वायरमधून अक्षरं हवेत जातच नाहीत, त्यामुळे जुनं होईल असं एन्क्रिप्शनच लागत नाही. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलमधल्या दोघा संशोधकांनी २००९ मध्ये वायरच्या कीबोर्डांतून निघणारे विद्युतचुंबकीय तरंग २० मीटरपर्यंत वाचून दाखवले होते हे खरं, पण त्यासाठी लागणारी सामग्री आणि चिकाटी शेजारच्या गाळ्यात सहसा नसते. एमके६५० घ्यावी ती लॅपटॉप घेऊन क्लायंटकडे बसणाऱ्यानं, कॉन्फरन्स रूमच्या मोठ्या स्क्रीनवर लांबून टाइप करणाऱ्यानं, किंवा जिथे टेबल रोज बदलतं अशा ऑफिसनं. घरी मुलांच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरसाठी एवढा खर्च करायचं कारण नाही, मात्र त्याच कॉम्प्युटरवरून घरातली नेटबँकिंग होत असेल तर विचार बदलावा लागेल.

विकत घेताना खोक्यावर बोल्टचं चिन्ह आणि आत रिसीव्हर, दोन्ही आहेत का ते बघूनच पैसे द्या. लॉजिटेकच्या काही कीबोर्डांवर ‘बोल्टशी सुसंगत’ लिहिलेलं असतं आणि रिसीव्हर वेगळा घ्यावा लागतो, पेबल कीज २ त्यातलाच. जुना, उघडी अक्षरं पाठवणारा कीबोर्ड ऑफिसातल्या शिपायाच्या किंवा इंटर्नच्या टेबलावर सरकवू नका. त्याच नेटवर्कचे पासवर्ड तिथूनही टाइप होतात. तो ई-कचऱ्यात द्या, आणि त्याचा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला राहिला नाही ना, ते हात घालून बघा.